दाह, एंझाइमे आणि त्यांना अडवणारी औषधे



पायात काटा रुतला, की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकू लागते. ही चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने एका ओळीत नोंदवून ठेवली आणि वैद्यकाचा विद्यार्थी आजही ती त्याच क्रमाने पाठ करतो. पुढे त्यांत पाचव्या लक्षणाची भर पडली, ते म्हणजे दुखऱ्या अवयवाचे काम थंडावणे. आपल्या आयुर्वेदात या अवस्थेला शोथ म्हणतात. बोलण्यात आपण नुसती 'सूज' म्हणतो. परंतु सूज हे चारांपैकी एकच लक्षण झाले, म्हणून आजच्या विवेचनात मी 'दाह' हा शब्द वापरणार आहे.

हा दाह म्हणजे शत्रू नव्हे, ही गोष्ट पहिल्यानेच लक्षात घेतली पाहिजे. १८८२ साली मेच्निकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेसिना गावी राहत होता. तेथे त्याने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! तारामाशाला आपल्यासारखे रक्त नाही, रक्तवाहिन्या नाहीत. तरी परका पदार्थ आत घुसताच त्याच्या पेशी धावून आल्या. लाली, उष्णता, ठणका हा सारा त्या धावपळीचा गलका आहे. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून जागा लाल व गरम होते; त्यांतून पाणी झिरपते म्हणून ती सुजते; आणि या गडबडीत तयार होणाऱ्या काही रसायनांमुळे वेदना वाहणारे मज्जातंतू हळवे होतात म्हणून ती दुखते. दाह मुळीच झाला नाही, तर साध्या काट्यानेही माणूस दगावेल.

मग तक्रार कसली? तक्रार अशी, की काटा निघून गेला तरी कधी कधी गलका थांबत नाही, आणि कधी तर काटा मुळी नसतानाच तो सुरू होतो. काट्याचा नायटा होतो, असे आपण म्हणतो. येथे काट्यावाचूनच नायटा! ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, ज्याला आपले वैद्य बहुधा आमवात म्हणतात, शरीराचे रक्षक स्वतःच्याच सांध्यांवर चाल करून जातात आणि बोटांची हाडे वर्षानुवर्षे कुरतडत राहतात. सोरायसिसमध्ये हीच गोष्ट त्वचेत घडते, आतड्याच्या काही विकारांत आतड्याच्या अस्तरात घडते. सकाळी उठल्यावर ज्या गृहिणीला पोळपाट-लाटणे तासभर हाती धरवत नाही, तिला दाहाचे उपकार सांगून भागत नाही. तिला तो आवरून हवा असतो, आणि तोही असा, की उद्या खरा काटा रुतला तर शरीराचे रक्षक जागेवर हजर असावेत. या एका वाक्यात आजच्या विषयातील सगळी अडचण आली.

आता एंझाइमांकडे वळू. भाकरीचा घास गिळण्याची घाई न करता बराच वेळ चावत राहिलो, तर तो गोड लागू लागतो. लाळेतील एका एंझाइमाने पिठाची साखर करायला सुरुवात केलेली असते. मांस लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात. पपईच्या चिकातील एंझाइम मांसाचे तंतू तोडते. एंझाइमाला मराठी परिभाषेत वितंचक असे नाव आहे. परंतु शब्द कोणताही घेतला तरी अर्थ हाच, की शरीरातील एखादी रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारे आणि स्वतः न खर्चता पुन्हा पुन्हा कामास येणारे प्रथिन. प्रत्येक एंझाइमाला एक खाच असते. त्या खाचेत नेमका विशिष्ट पदार्थच बसतो आणि तेथे त्याचे रूपांतर होते. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. उपमा जुनी झाली आहे. कारण हे कुलूप लोखंडी नसून थोडेफार लवचीक असते, हे पुढे कळले. पण आपल्या कामाला ती पुरेशी आहे. कुलपात चुकीची किल्ली अडकवून ठेवली, की खरी किल्ली आत शिरत नाही. अशा चुकीच्या किल्लीला आपण रोधक म्हणू. दाह पेटवणारे रसायन ज्या एंझाइमाकडून तयार होते, त्याच्या खाचेत रोधक बसवला, तर ते रसायन तयार होणार नाही आणि दाह उतरेल. कागदावर हे इतके सोपे आहे.

गंमत अशी, की माणसाने ही चुकीची किल्ली आधी वापरली आणि कुलूप कोठे आहे ते नंतर शोधले. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचे झाड. त्याची साल त्याने सहज चाखली, तेव्हा तिचा कडवटपणा त्याला हिवतापावरच्या सिंकोनाच्या सालीसारखा वाटला. दलदलीच्या जागी ताप होतात, विलो दलदलीच्या जागीच वाढतो, तेव्हा रोगाजवळच औषध असणार, असाही त्याचा कयास होता. साल भट्टीच्या बाहेरच्या अंगावर तीन महिने वाळवून, कुटून त्याने सुमारे पन्नास तापकऱ्यांना दिली आणि बहुतेकांना उतार पडला. कयास खोटा होता, अनुभव खरा होता. वैद्यकात असे पुष्कळदा होते.

पुढे एकोणिसाव्या शतकात या सालीतून सॅलिसिन निघाले, त्यापासून सॅलिसिलिक ॲसिड झाले. ते गुणकारी होते, पण पोट जाळीत असे. १८९७ साली जर्मनीतील बायर कारखान्यात फेलिक्स हॉफमन याने त्याला ॲसिटिल गट जोडून शुद्ध स्वरूपात नवा पदार्थ सिद्ध केला, आणि १८९९ पासून तो ॲस्पिरिन या नावाने विकला जाऊ लागला. या शोधाचे श्रेय हॉफमनचे, की त्याचा सहकारी आर्थर आयखेनग्रून याचे, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. तो वाद आपण त्यांच्यावरच सोपवू.

ॲस्पिरिन जगभर गेले. घरोघरी ताप, डोके, कंबर, गुडघे यांवर ते घेतले जाऊ लागले. आणि सत्तर वर्षे कोणालाही ठाऊक नव्हते, की ते करते तरी काय! औषध शोधणारे कारखानेदार त्या काळी उंदीरघुशींच्या पावलांवर विसंबून होते. समुद्रशैवालापासून मिळणारा कॅराजीनन नावाचा चिकट पदार्थ घुशीच्या पंजात टोचला, की पंजा सुजतो. एका घुशीला नवे रसायन द्यायचे, दुसरीला द्यायचे नाही, आणि कोणाचा पंजा किती सुजला ते मोजायचे. विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत इंडोमेथॅसिनसारखी जोरकस औषधे अशा परीक्षांतूनच हाती आली. ही आंधळी कोशिंबीर होती खरी; पण हल्ली तिच्याविषयी जरा तुच्छतेने बोलण्याची रीत पडली आहे, ती मला पटत नाही. घुशीच्या पंजात सबंध दाह असतो. नळीत एकटे एंझाइम असते. या फरकाची आठवण पुढे पुष्कळांना फार महागात पडून झाली.

कुलूप सापडले ते १९७१ साली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन वेन हा औषधिशास्त्रज्ञ काम करीत होता. त्याची पद्धत मोठी युक्तीची होती. प्राण्यांच्या जठराच्या व आतड्याच्या पट्ट्या एकीखाली एक टांगून त्यांवर तो द्रव सोडी. द्रवात कोणते रसायन आहे त्याप्रमाणे कोणती पट्टी आकसते आणि कोणती सैल पडते, यावरून तो रसायन ओळखी. गिनिपिगच्या फुप्फुसावर काम करताना त्याला दिसले होते, की ॲस्पिरिन दिले तर फुप्फुसातून बाहेर पडणारी काही रसायने बंद होतात. त्याच सुमारास प्रॉस्टाग्लँडिन या पदार्थांविषयी बरीच माहिती जमा झाली होती. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत ते तयार होतात अशा समजुतीने स्वीडनच्या फॉन ऑयलरने त्यांना हे नाव दिले. समजूत अपुरी निघाली, कारण शरीरातील जवळजवळ सगळ्याच पेशी ते बनवू शकतात; पण नाव चिकटले ते चिकटले. पेशींच्या आवरणात ॲराकिडोनिक ॲसिड नावाचे वीस कर्बाणूंचे एक स्निग्धाम्ल असते, त्यापासून हे पदार्थ तयार होतात. वेनने गिनिपिगच्या फुप्फुसाचा लगदा घेतला, त्यात हे स्निग्धाम्ल घातले आणि प्रॉस्टाग्लँडिन तयार होते की नाही ते पाहिले. मग त्याच लगद्यात ॲस्पिरिन व इंडोमेथॅसिन घालून पाहिले. उत्पादन बंद पडले. औषध जितके जास्त, तितकी बंदी कडक. ज्या एंझाइमावर ही बंदी पडते ते सायक्लोऑक्सिजनेझ, थोडक्यात कॉक्स. या कार्याबद्दल वेन याला स्वीडनच्या बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएल्सन यांच्यासह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे क्षणभर थांबून ॲस्पिरिनची करामत पाहण्यासारखी आहे. इतर बहुतेक दुखणेनाशक गोळ्या कॉक्सच्या खाचेत येतात, काही तास बसतात आणि निघून जातात. ॲस्पिरिन तसे करीत नाही. ते खाचेतील एका घटकाला आपला ॲसिटिल गट कायमचा चिकटवून जाते. म्हणजे कुलपात किल्लीचा तुकडा मोडून ठेवण्यासारखेच हे झाले. पेशी सामान्यतः नवे एंझाइम बनवून वेळ निभावते. परंतु रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटना, ज्यांचे नाव डेंग्यूच्या साथींमुळे आता घरोघरी झाले आहे, पेशीकेंद्रच नसते. त्यांना नवे एंझाइम बनवता येत नाही. एकदा ॲस्पिरिन लागले, की ती प्लेटलेट तिच्या आठदहा दिवसांच्या आयुष्यभर पंगू राहते. म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला रोज ७५ मिलिग्रॅमची चिमुकली गोळी पुरते, आणि म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर 'ॲस्पिरिन चालू आहे का?' असे आवर्जून विचारतात.

आता कॉक्सला अडवले की दाह उतरतो हे ठरले. मग पोट का बिघडते? कारण प्रॉस्टाग्लँडिने केवळ दाहाची नोकर नाहीत. जठराच्या अस्तरावर जो बुळबुळीत लेप असतो आणि जो जठराला स्वतःच्याच आम्लापासून वाचवतो, तो राखण्याचे कामही त्यांचेच आहे. मूत्रपिंडातील रक्तप्रवाह सांभाळणे हेही त्यांचेच काम. दाह बंद करायला गेलो आणि घरची मोरी, चूल, पाणी सगळेच बंद केले, असा हा प्रकार होता. संधिवाताचे रोगी वर्षानुवर्षे गोळ्या घेत, आणि त्यांतल्या काहींना एके दिवशी रक्ताची उलटी होई.

१९९१ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांना आढळले, की कॉक्स एक नसून दोन आहेत. पहिले बारमाही नोकर. जठरात, प्लेटलेटमध्ये नित्याची कामे करणारे. दुसरे मुख्यतः दाह पेटला म्हणजे बोलावले जाणारे. ही बातमी औषधनिर्मात्यांच्या कानी पडताच त्यांच्या तोंडाला पाणी सुटले नसते तरच नवल! पहिल्याला हात न लावता दुसऱ्यालाच अडवणारा रोधक मिळाला, तर दाह जाईल आणि पोट शाबूत राहील. परंतु दोघे सख्खे भाऊ. खाचाही जवळजवळ सारख्या. १९९४ साली शिकागो येथे मेंढीपासून मिळवलेल्या पहिल्या कॉक्सचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना पाहण्यात आली. लवकरच दुसऱ्याचीही रचना उलगडली. फरक सापडला तो थक्क करणारा होता. सुमारे सहाशे घटकांच्या या साखळीत ५२३ व्या जागी पहिल्यात आयसोल्यूसिन आहे आणि दुसऱ्यात व्हॅलिन. दोहोंत फरक अवघ्या एका कर्बगटाचा. पण व्हॅलिन तेवढा लहान असल्यामुळे दुसऱ्या कॉक्सच्या खाचेत बाजूला एक छोटा कोनाडा मोकळा राहतो. जी किल्ली त्या कोनाड्यात शेंडी घालू शकते ती दुसऱ्यातच बसते. पहिल्याच्या दारात तिची शेंडी अडते. प्रयोगशाळेत मुद्दाम व्हॅलिनच्या जागी आयसोल्यूसिन घालून कोनाडा बुजवला, तेव्हा ही निवड नाहीशी झाली. पुरावा याहून स्वच्छ असू शकत नाही.

अशा किल्ल्या बनवणे म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. एक मूळ रसायन घ्यायचे; घुशीच्या पंजावरून आधीच हाती आलेली एकदोन होतीच. त्याच्या एका टोकाचा गट बदलायचा, पुन्हा परीक्षा घ्यायची. दुसऱ्या टोकाला गंधकयुक्त गट लावायचा, पुन्हा परीक्षा. एंझाइमाचे निम्मे काम थांबवायला किती मात्रा लागते, हे दोन्ही कॉक्ससाठी मोजायचे आणि त्यांचे गुणोत्तर काढायचे. नळीतले गुणोत्तर चांगले आले तरी माणसाच्या ताज्या रक्तात ते टिकते का, हे पाहायचे. मग गोळी पोटातून रक्तात उतरते का, यकृत तिचा किती वेळात फडशा पाडते, दिवसातून एकदा पुरेल की चारदा लागेल, हे प्रश्न. बहुसंख्य रसायने या वाटेवर गारद होतात. आपल्या हळदीचेच पाहा. हळदीतील कर्क्युमिन काचेच्या नळीत अनेक एंझाइमांना अडवताना दिसते, त्यावर लेखांचे डोंगर झाले. परंतु ते पोटातून रक्तात फारच थोडे उतरते आणि अस्थिरही आहे. शिवाय ज्याला त्याला चिकटण्याच्या त्याच्या स्वभावामुळे नळीतील परीक्षा फसतात. फोडणीत हळद अवश्य घालावी. पण नळीतले यश आणि रोग्याचे यश यांत अशी दरी असते.

असो. १९९८ च्या अखेरीस सेलेकॉक्सिब आणि १९९९ साली रोफेकॉक्सिब या औषधांना अमेरिकेत परवानगी मिळाली. रोफेकॉक्सिब मर्क कंपनीने व्हायॉक्स या नावाने विकायला काढले. जाहिराती जोराच्या झाल्या, ऐंशीहून अधिक देशांत ते गेले आणि २००३ साली त्याची विक्री अडीच अब्ज डॉलरच्या घरात पोचली. ज्यांच्या पोटाला खरोखर धोका होता अशांसाठी ते सिद्ध झाले, पण घेतले ते कोणीही, साध्या पाठदुखीलाही.

२००० सालच्या नोव्हेंबरात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. संधिवाताच्या ८,०७६ रोग्यांपैकी निम्म्यांना रोफेकॉक्सिब आणि निम्म्यांना नेप्रॉक्सेन हे जुने औषध दिले होते. पोटाच्या गंभीर तक्रारी नव्या औषधाने निम्म्याहून कमी झाल्या. वचन पाळले गेले! परंतु त्याच निबंधात आणखी एक आकडा होता. हृदयविकाराचे झटके जुन्या औषधावर ०.१ टक्का रोग्यांना आले आणि नव्यावर ०.४ टक्का. निबंधलेखकांनी अर्थ असा लावला, की नेप्रॉक्सेन हृदयाचे रक्षण करीत असावे. म्हणजे नवे औषध वाईट नाही, जुनेच फार चांगले. हा अर्थ अशक्य नव्हता, पण सोयीचा होता. पुढे २००५ च्या डिसेंबरात त्या नियतकालिकाच्या संपादकांनीच जाहीर केले, की हृदयविकाराच्या तीन घटना त्या निबंधात यायला हव्या होत्या, त्या आलेल्या नव्हत्या.

खरे कारण काय असावे, याचा धागा वेन आणि सॅम्युएल्सन यांच्याच कामात होता. त्याच ॲराकिडोनिक ॲसिडपासून प्लेटलेट थ्राँबॉक्सेन बनवतात, जे रक्ताची गुठळी करते. आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर प्रॉस्टासायक्लिन बनवते, जे गुठळी होऊ देत नाही. ही दोन पारडी नित्य तोललेली असतात. थ्राँबॉक्सेन पहिल्या कॉक्सकडून येते, तर प्रॉस्टासायक्लिन बऱ्याच अंशी दुसऱ्याकडून. जुनी औषधे दोन्ही पारड्यांतले वजन कमी करीत. नव्याने एकाच पारड्यातले काढून घेतले! औषध जितके निवडक, तितका तोल अधिक जाणार. म्हणजे ज्या गुणासाठी ते घडवले, त्या गुणातूनच दोष उपजला.

आतड्यातील गाठी टाळण्यासाठी रोफेकॉक्सिब उपयोगी पडते का, हे पाहणारी दुसरी एक चाचणी चालू होती. तिच्यात २,५८६ माणसे होती आणि तुलना नुसत्या निर्गुण गोळीशी होती. तेथे 'जुने औषध चांगले' ही सबब चालण्यासारखी नव्हती. दीड वर्षानंतर हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसू लागले, आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. भारत सरकारने त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या औषधखात्यातील डेव्हिड ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली अंदाज केला, की एकट्या अमेरिकेत या औषधामुळे ८८,००० ते १,४०,००० जणांना गंभीर हृदयविकार जडला असावा. २००७ साली कंपनीने दावेदारांसाठी ४.८५ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. सेलेकॉक्सिब मात्र टिकले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चोवीस हजारांवर रोग्यांच्या चाचणीत, मध्यम मात्रेत, ते आयबुप्रोफेन व नेप्रॉक्सेन यांच्याहून हृदयाला अधिक घातक ठरले नाही.

याच कुळातील एका औषधाची दुसरी कथा आपल्या देशातली आहे. डायक्लोफिनॅक हा कॉक्सचाच रोधक. माणसांच्या कंबरदुखीला चालतो तसा तो १९९० नंतरच्या काळात गाईगुरांच्या दाहालाही सर्रास टोचला जाऊ लागला. गुरे मेली, की गिधाडे ती खात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडे नाहीशी होत असल्याचे याच दशकात नोंदवले. जंतू, विषाणू, कीटकनाशके असे नाना तर्क झाले. २००४ साली पाकिस्तानातील मृत गिधाडांचा अभ्यास करून लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी कारण दाखवून दिले. गुराच्या मांसात उरलेले डायक्लोफिनॅक गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करते आणि त्याच्या काळजावर, यकृतावर युरिक ॲसिडचे पांढरे स्फटिक साचतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांत एक उरले. मलबार हिलच्या दख्म्यांवर गिधाडे येईनाशी झाली आणि पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणाऱ्या साधनांचा आधार घ्यावा लागला. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवण्यावर बंदी आली; केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३ साली. मेलॉक्सिकॅम हाही कॉक्सचाच रोधक, पण तो गिधाडाला बाधत नाही असे आढळले. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या. एकीने पक्ष्याचा वंश बुडत आला, दुसरीने काही होत नाही.

कॉक्सच्या रोधकांनी ठणका जातो, पण आमवातात हाड कुरतडणे थांबत नाही. ते थांबवण्याचा रस्ता वेगळ्या एंझाइमातून निघाला, आणि त्या रस्त्याचे एक टोक मुंबईत आहे हे पुष्कळांना माहीत नसते. १९२८ पासून ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणातील पंडुरोगाचा शोध घेत होती. मार्माइट नावाच्या यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे तिने दाखवले. त्या अर्कातील द्रव्य म्हणजे पुढे फॉलिक ॲसिड ठरले. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत आपल्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या गटाने ते सिद्ध केले आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या खोट्या किल्ल्याही बनवल्या. त्यांनी पेशींची वाढ खुंटते, म्हणून १९४८ मध्ये बोस्टनला रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर त्यांचा प्रयोग झाला. १९५१ साली त्याच जातीचे औषध संधिवातावर वापरून पाहिले गेले. त्यातले मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत आमवाताला आवरते, हे ठरायला १९८८ उजाडले. आजही आमवाताचा पहिला उपाय बहुधा तोच असतो. संधिवातात ते कोणकोणती एंझाइमे अडवून काम करते, याचा उलगडा मात्र कुलूप-किल्लीइतका सरळ नाही. या औषधाची एक गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक हवी. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि माणूस दगावूही शकतो. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा, अमुक वारी' असे लिहून मागावे.

अलीकडचा रस्ता काइनेज नावाच्या एंझाइमांतून जातो. पेशीच्या बाहेरून आलेला निरोप आत पोचवताना ही एंझाइमे प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारतात. त्यांपैकी एक कुटुंब जॅक म्हणून ओळखतात. एवढी काइनेजे सापडत होती, की 'आणखी एक काइनेज' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन थट्टेने हे नाव पडले. मागून त्याला दोन तोंडांच्या जेनस या रोमन देवाची प्रतिष्ठा मिळाली. काही बालके जन्मतःच जॅक-३ या एंझाइमावाचून येतात आणि त्यांना प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, असे १९९५ साली दिसून आले. अमेरिकेतील जॉन ओशे आणि इतरांनी यावरून विचार केला, की निसर्गाने जे पूर्ण बंद केले, ते आपण थोडेसे मंद केले तर? त्यातून टोफासिटिनिब निघाले आणि २०१२ साली ते आमवातासाठी मंजूर झाले. सुई नाही, नुसती गोळी. आणि ज्यांना मेथोट्रेक्सेटने गुण येत नाही अशा पुष्कळांचे सांधे तिने मोकळे केले. व्हायॉक्सचा धडा ताजा असल्यामुळे या वेळी औषधखात्याने मंजुरीबरोबरच दीर्घ चाचणी मागितली. पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा निदान एक तरी धोका असलेल्या ४,३६२ रोग्यांवरची ही चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. जुन्या इंजेक्शनांच्या तुलनेत या गोळीवर हृदयविकार आणि कर्करोग दोन्ही काहीसे अधिक दिसले. गोळी मागे घेतली गेली नाही. ठळक इशारा छापला गेला आणि अमेरिकेत तिचा क्रम इतर उपायांच्या नंतर लागला. यंदा मालापेक्षा वजने आधी तपासली गेली, एवढे तरी म्हणता येईल.

आता कोणी विचारील, मग गुडघा दुखला तर गोळी घ्यावी की नाही? चारदोन दिवसांच्या दुखण्याला, निरोगी माणसाने, लागेल तेवढीच घ्यायला हरकत नसते. परंतु साठी उलटलेल्यांनी, जठरव्रण होऊन गेलेल्यांनी, मूत्रपिंड वा हृदय अशक्त असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. गरोदर स्त्रीने तर डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच नाही. आणि हृदयासाठी रोज साधी ॲस्पिरिनची गोळी घेणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. आयबुप्रोफेन आधी घेतले, तर ते खाचेत जाऊन बसते, मागून आलेल्या ॲस्पिरिनला आत शिरता येत नाही आणि प्लेटलेट मोकळ्याच राहतात. म्हणून अमेरिकेच्या औषधखात्याने २००६ साली सांगितले, की एखादे वेळी आयबुप्रोफेन घ्यावेच लागले तर ते ॲस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने घ्यावे, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तासांहून अधिक आधी.